समांतर एक्स्ट्रॅक्शनसाठी सोर्सचे गट : पार्श्वभूमी

ऐरोली, महापे, बेलापूरच्या ज्या ऑफिसांत रात्रपाळीला बँकांचे डेटा लोड चालतात, तिथे सोर्समधून, म्हणजे बँकेच्या मूळ डेटाबेसमधून, टेबल उचलताना (एक्स्ट्रॅक्शन) कुठले जॉब एकत्र आणि कुठले वेगळे सोडायचे याचे गट पाडतात. ‘हा टेबल कुठल्या ग्रुपमध्ये टाकायचा’ हा वाद अजून मिटलेला नाही. त्याची मुळं शाखांच्या काळात आहेत.

कोअर बँकिंगच्या आधी शाखेशाखेचा सर्व्हर वेगळा होता. मुख्यालयाकडे डेटा यायचा तो डायल-अप, लीज्ड लाइन किंवा व्हीसॅटवरून, नाहीतर सरळ टेपवर. त्यामुळे गट लाइनच्या हिशेबाने पडायचे: एका विभागाच्या फायली एकामागून एक, आणि विभाग मात्र एकाच वेळी. पुढे शाखांचे डेटाबेस एका केंद्रीय डेटाबेसमध्ये गेले आणि या विभागणीचा आधारच संपला. गट तेवढे उरले. जुन्या कॉन्फिगमध्ये ‘वेस्ट-2’ अशी नावं दिसतात. उघडून बघावं तर आत कर्जखात्यांचे टेबल, पश्चिम विभागाशी काडीचा संबंध नाही.

टूलही बदलत होती. सॅप बीडब्ल्यू या डेटा वेअरहाउसच्या टूलमधले इन्फोपॅकेज ग्रुप (लोडच्या कामांचे गट) मागे पडून 3.0 आवृत्तीपासून प्रोसेस चेन आल्या. म्हणजे नुसतं ‘हे सगळं चालव’ न सांगता ‘हे संपलं की ते’ असं सांगता येऊ लागलं.

खरं भांडण पेटलं ते गट सोर्सनिहाय पाडायचे की विषयनिहाय, यावर. सोर्सवाल्यांचं म्हणणं सरळ होतं: प्रॉडक्शन (रोजच्या चालू कामाचा) डेटाबेस किती सेशन, म्हणजे एका वेळच्या जोडण्या, झेपवेल ते ठरलेलं असतं, तेवढेच जॉब एका वेळी सोडा. विषयवाले म्हणायचे, खाती आणि व्यवहार एकत्रच उचलायला हवेत. खाती रात्री साडेअकराला आणि व्यवहार पहाटे दोनला उचलले, तर मधल्या वेळात एटीएम आणि नेटबँकिंग थांबलेलं नसतं. शिल्लक आणि व्यवहारांची बेरीज जुळत नाही. पूर्वी असला फरक सकाळी एक्सेलमध्ये हाताने मिटवला जाई. 2010 मध्ये नियामकाने बँकांकडून येणारी विवरणपत्रं मधे हात न लावता थेट सिस्टिममधून यावीत असं धोरण मांडलं, तेव्हा विषयवाल्यांचं पारडं जड झालं.

माझ्या मते तो कौल चुकीच्या प्रश्नावर होता. सगळे टेबल एकाच क्षणाच्या स्थितीत वाचायची सोय ओरॅकल डेटाबेसच्या 9आय आवृत्तीत 2001 पासूनच होती. तो क्षण एकदा पक्का केला की कुठला टेबल आधी आणि कुठला नंतर, याने बेरीज बिघडत नाही. अडचण वेगळीच होती. जुनी स्थिती दाखवायला लागणारा अनडू डेटा पुसला गेला की लांबलेला जॉब ओआरए-01555 ही एरर देऊन पडतो, मग डीबीएचा (डेटाबेस सांभाळणाऱ्याचा) फोन येतो. म्हणून एक्स्ट्रॅक्शन लवकर आटपायला हवं. त्यासाठी सेशन वाढवावे लागतात आणि गाडी पुन्हा सोर्सच्या क्षमतेवर येते. आकडे जुळवायचं काम त्या ठरवलेल्या क्षणाचं आणि भार आवरायचं काम गटाचं. दोन्ही एकाच गटाच्या गळ्यात मारली, तिथे घोळ झाला.

हडूपच्या (अनेक मशीनवर डेटा वाटून ठेवणाऱ्या प्रणालीच्या) लाटेत डेटाबेसमधले टेबल तिच्यात आणणारं स्कूप हे टूल आलं आणि समांतरपणा टेबलाच्या आतच शिरला. सांगितलं नाही तर चार मॅपर (एकाच वेळी चालणारी उपकामं), आणि प्रायमरी कीच्या (प्रत्येक ओळीच्या वेगळ्या ओळख-क्रमांकाच्या) किमान-कमाल किमतींमधलं अंतर त्यांच्यात समान वाटलेलं. आता खाते क्रमांकाच्या सुरुवातीला शाखेचा कोड असेल आणि बहुतेक खाती मोजक्या कोडांवर असतील, तर तीन मॅपर पटकन मोकळे आणि चौथा पहाटेपर्यंत एकटा. एक टेबल एक जॉब हा जुना हिशेब इथे मोडला. स्कूप 2021 मध्ये निवृत्त झालं; चुकीच्या की-वर तुकडे पाडायची सवय मात्र स्पार्क या टूलच्या जॉबमध्येही उतरली आहे.

वादाची निम्मी धार गेली ती 2015 मध्ये जाहीर झालेल्या एअरफ्लो या जॉब ठरवून चालवणाऱ्या टूलमधल्या पूलमुळे, म्हणजे ठरावीक जागांच्या (स्लॉटच्या) साठ्यामुळे. जॉब कुठल्याही विषयाचा असो, सोर्स एकच असेल तर तो त्याच पूलमधल्या स्लॉटवर वाट बघतो. 2020 च्या अखेरीस 2.0 मध्ये टास्कग्रुप आला आणि नवा गोंधळ सुरू झाला: तो मुख्यतः स्क्रीनवरच्या मांडणीसाठी आहे, त्याने किती जॉब एकदम सुटतील ते ठरत नाही. तरीही पूल न लावता टास्कग्रुप करून ‘ग्रुपिंग झालं’ म्हणणारी टीम भेटतेच.

सध्या भर पडतेय ती एपीआयवाल्या सोर्सची, म्हणजे जिथे डेटाबेसला न जोडता दुसऱ्या सिस्टिमकडे डेटा मागायचा असतो. तिथे किती मागण्या करायच्या याची मर्यादा बऱ्याचदा मागणाऱ्याच्या खात्यावर किंवा टोकनवर (प्रवेशाच्या किल्लीवर) असते. कागदावर पाच वेगळे दिसणारे सोर्स एकाच टोकनवर चालत असतील, तर ते एकाच पूलमध्ये ठेवावे लागतात.