जावा: टेबलावर बदनाम, सर्व्हरवर मातब्बर

इंदूरच्या भंवरकुआ भागातल्या संगणक-वर्गांत जावा ही प्रोग्रामिंग भाषा दोन टप्प्यांत शिकवली जात आली आहे. 'कोअर जावा'त ॲपलेट (वेबपानात चालणारे छोटे प्रोग्राम) आणि स्विंग (खिडक्या-बटणे बनवायचा संच), 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जेडीबीसी, सर्व्हलेट, जेएसपी ही डेटाबेसशी जोडणारी आणि सर्व्हरवर वेबपाने तयार करणारी साधने. रामबाग, सुदामानगरातून तिथे जाणाऱ्या मराठी मुलांनाही ठाऊक असे की खिडक्या आणि बटणे परीक्षेपुरती, नोकरीच्या मुलाखतीत विचारतात ते दुसऱ्या टप्प्यातले. या विभागणीला भाषेच्या इतिहासाचा आधार आहे.

सन मायक्रोसिस्टिम्समध्ये १९९१ साली घरगुती उपकरणांसाठी सुरू झालेल्या प्रकल्पात जेम्स गॉस्लिंग यांनी ही भाषा घडवली आणि मे १९९५ मध्ये ती 'जावा' या नावाने जाहीर झाली, तेव्हा 'एकदा लिहा, कुठेही चालवा' हे तिचे ब्रीद होते. सामान्य माणसाला ती भेटली ब्राउझरमध्ये, डायल-अपवर ॲपलेट उतरेपर्यंत राखाडी राहणाऱ्या चौकटीत. कोरेलने संपूर्ण ऑफिस-संच जावात लिहायला घेतला आणि १९९७ मध्ये सोडून दिला. मायक्रोसॉफ्टने आपल्या जावात परस्पर बदल केले म्हणून त्याच वर्षी सनने तिच्यावर दावा लावला. २००१ मध्ये तडजोड झाली, पण मायक्रोसॉफ्टची जावा १.१ या जुन्या आवृत्तीवरच थांबलेली राहिली. १९९८ च्या अखेरीस आलेले स्विंग आपली बटणे स्वतःच रंगवत असल्याने त्यातला प्रोग्राम विंडोजवर परका दिसे आणि मॅकवरही.

टेबलावरच्या संगणकात जावा बदनाम होण्याचे खरे कारण मात्र रचनेतच होते. जावाचा प्रोग्राम चालवणारे आभासी यंत्र आधी सुरू व्हावे लागते, मग बाइटकोड (त्या यंत्रासाठीच्या सूचना) सावकाश चालू लागतो आणि वारंवार लागणारा भाग ओळखून त्याचे यंत्रभाषेत रूपांतर नंतर होते. त्यामुळे पाच मिनिटांसाठी उघडलेला प्रोग्राम वेग घेण्याआधीच बंद होई. सर्व्हरवरचा प्रोग्राम एकदा सुरू झाला की महिनोन्महिने चालतो, त्यामुळे हे रूपांतर करणाऱ्या, १९९९ मध्ये आलेल्या हॉटस्पॉट या आभासी यंत्राचा पुरेपूर लाभ त्याला मिळाला. तिथे बटणे नव्हती, जादा मेमरीचा खर्च कंपनी सोसत होती, आणि विंडोजवर लिहिलेला कोड सोलॅरिस (सनची संगणक-प्रणाली) किंवा लिनक्सवर चढवता येत असल्याने ते ब्रीद इथेच बऱ्याच अंशी खरे ठरले.

ब्राउझरमधल्या जावाची उरलीसुरली अब्रू सुरक्षेतील त्रुटींनी घालवली. जानेवारी २०१३ मध्ये अमेरिकेच्या गृहसुरक्षा खात्याने ती बंद ठेवण्याचा सल्ला दिला. आपल्याकडे त्याच काळात ई-निविदांची डिजिटल सही ॲपलेटवर अवलंबून होती, आणि इंदुरातल्या ठेकेदाराच्या कार्यालयात सहीची किल्ली असलेले यूएसबी टोकन लावून, जावाची नेमकी आवृत्ती जुळवून, जावाच्या 'एक्सेप्शन साइट लिस्ट'मध्ये (सुरक्षा-अटींतून सूट दिलेल्या साइटींची यादी) पोर्टलचा पत्ता घालून माणसे मुदत संपण्याची धास्ती घेत बसत. पलीकडच्या सर्व्हरवरही जावाच असली, तरी ती त्यांना दिसण्याचा प्रश्न नव्हता. २०१५ मध्ये क्रोमने ॲपलेटचा मार्ग बंद केला आणि २०१८ च्या जावा ११ मधून, वेबवरून जावाचे प्रोग्राम उतरवून चालवणारे वेब स्टार्टही गेले.

टेबलावर ती टिकली ती माइनक्राफ्टसारख्या खेळात, आणि एक्लिप्स, इंटेलिजेसारख्या कोड लिहायच्या साधनांत, जे प्रोग्रामर सकाळी एकदा उघडतो आणि दिवसभर बंद करत नाही.