कृष्णजल मत्स्यालयातील रंगीत मासे (दक्षिण अमेरिका)

ॲमेझॉन खोऱ्यातील काळ्या पाण्याच्या नद्यांत, विशेषतः रीओ नेग्रो व तिच्या उपनद्यांत राहणारे आणि तशाच पाण्याच्या टाकीत शोभणारे मासे. रेताड जमिनीवरच्या जंगलातील पालापाचोळ्यातून ह्यूमिक व फल्व्हिक आम्ले उतरून हे पाणी कोऱ्या चहासारखे दिसते. त्यात क्षार नाममात्र असतात. सामू (pH, म्हणजे आम्लता दाखवणारा अंक) साधारणतः ४ ते ५, क्वचित त्याहूनही कमी असतो. इंग्रज निसर्गशास्त्रज्ञ आल्फ्रेड रसेल वॉलिस यांनी १८५३ साली या नद्यांचे पांढऱ्या, निळ्या व काळ्या पाण्याच्या असे वर्ग पाडले.

या गटातील सर्वांत परिचित मासा कार्डिनल टेट्रा. त्याच्या शास्त्रीय नावाचा, म्हणजे कोणी दिलेले नाव आधीचे याचा, वाद प्रसिद्ध आहे. मत्स्यशास्त्रज्ञ लेनर्ड शुल्ट्झ यांचे ‘कायरोडॉन ॲक्सेलरोडाय’ हे नाव २० फेब्रुवारी १९५६ चे, तर मायर्स व वाइट्झमन यांचे ‘हायफेसोब्रायकॉन कार्डिनॅलिस’ २१ फेब्रुवारीचे मानले जाते. शुल्ट्झ यांचे वर्णन छापणाऱ्या मासिकाचे प्रकाशक हर्बर्ट ॲक्सेलरॉड हेच होते, आणि माशाला नावही त्यांचेच मिळाले. प्राणिनामकरणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने शुल्ट्झ यांच्या बाजूने कौल दिला. पुढे वाइट्झमन व फिंक यांनी १९८३ साली कार्डिनल, निऑन व हिरवा निऑन हे तिन्ही टेट्रा मासे पॅराकायरोडॉन या एकाच वंशात (जीनसमध्ये) आणले; हीच मांडणी अधिक पटण्याजोगी आहे.

कार्डिनलचा तांबडा पट्टा डोक्यापासून शेपटीपर्यंत जातो, निऑनचा पोटाच्या मध्यावर सुरू होतो. दोघांच्याही अंगावरची निळी रेघ मात्र रंगद्रव्याची नव्हे. त्वचेतील पेशींमध्ये ग्वानिन या स्फटिकी पदार्थाच्या पातळ चकत्यांची चळत असते, तिच्यावरून प्रकाश परावर्तित होऊन निळा दिसतो. रात्री अचानक दिवा लावला तर हेच मासे फिकट व जांभळट दिसतात. काही वेळाने रंग परततो. म्हणून दुकानात नुकत्याच उतरलेल्या माशांची पारख रंगावरून करू नये. पोट खपाटीला गेले आहे का, श्वास जलद चालतो का, हे पाहावे.

निवड पाण्यावरून व तापमानावरून होते. हेकेल यांनी १८४० साली वर्णिलेला डिस्कस हा चकतीसारखा मासा २८ अंश सेल्सिअसच्या वरच्या पाण्यात रमतो; ते कार्डिनलला सोसते, निऑनला नाही. एंजलफिश पूर्ण वाढला की लहान टेट्रा गिळतो. ड्वार्फ सिक्लिड, पेन्सिलफिश व हॅचेटफिश चालतात. हॅचेटफिश पाण्याबाहेर उडी मारतो, म्हणून टाकीला झाकण हवेच. गप्पी व मोली यांना कठीण (क्षारयुक्त) पाणी मानवते, त्यामुळे ते बाद.

पाण्याला रंग आणण्यासाठी वापरतात ती देशी बदामाची पाने कोकणात दारात पडतात. ती गळालेली व वाळलेलीच घ्यावीत. मात्र नळाचे पाणी कठीण असल्यास पानांनी ते तपकिरी होते, आम्ल फारसे होत नाही.

रीओ नेग्रोकाठच्या बार्सेलोस गावातील अनेक कुटुंबे हे मासे पकडून जगत आली आहेत. तेथील शोभिवंत माशांच्या उत्सवात गाव दोन संघांत विभागले जाते: कार्डिनल आणि अकारा-डिस्को (डिस्कसचे तिथले नाव).