खग्रास सूर्यग्रहणाचे भाकीत

पुढे केव्हातरी होणाऱ्या खग्रास सूर्यग्रहणाची तारीख, वेळ, खग्रास अवस्थेचा अवधी आणि ती जिथून दिसेल तो पट्टा गणिताने आगाऊ ठरवणे. यातली तारीख काढणे सर्वांत सोपे. पट्टा सर्वांत अवघड.

सूर्यग्रहण अमावास्येलाच होते, पण दर अमावास्येला नाही. चंद्राची कक्षा क्रांतिवृत्ताशी, म्हणजे सूर्याच्या आकाशातल्या वार्षिक मार्गाशी, सुमारे ५.१ अंशांनी कललेली असल्याने चंद्र बहुधा सूर्याच्या वरून किंवा खालून निघून जातो. दोन्ही वर्तुळे छेदतात ते पातबिंदू म्हणजेच राहू आणि केतू. सूर्य यांपैकी एका पाताशी साधारण १७३ दिवसांनी येतो आणि त्या सुमाराच्या अमावास्येला ग्रहण घडते. चंद्र पृथ्वीपासून लांब असेल तर बिंब अपुरे पडून ते कंकणाकृती होते.

बॅबिलोनी निरीक्षकांना नोंदींवरून एक चक्र सापडले होते. आज त्याला सॅरोस म्हणतात. २२३ चांद्रमास (अमावास्या ते अमावास्या) म्हणजे ६५८५.३२ दिवस; तेवढ्यात चंद्राच्या पातापासून पातापर्यंतच्या २४२ आणि उपभूपासून (कक्षेतल्या पृथ्वीच्या सर्वांत जवळच्या बिंदूपासून) उपभूपर्यंतच्या २३९ फेऱ्या जवळजवळ पुऱ्या होतात. त्यामुळे सुमारे १८ वर्षे ११ दिवसांनी तसेच ग्रहण पुन्हा येते. मात्र पूर्ण दिवसांवर उरलेल्या ०.३२, म्हणजे सुमारे एक तृतीयांश, दिवसात पृथ्वी आणखी १२० अंश फिरते आणि पट्टा पश्चिमेकडे सरकतो. ११ जुलै १९९१ चे ग्रहण मेक्सिकोत दिसले, २२ जुलै २००९ चे भारत-चीनमध्ये. त्याच मालिकेतले २ ऑगस्ट २०२७ चे उत्तर आफ्रिकेत दिसेल. चक्रावरून एवढा अंदाज बांधता येतो, गावोगावची वेळ नाही.

त्यासाठी चंद्राच्या गतीचा सिद्धांत लागतो. इंग्रज खगोलज्ञ एडमंड हॅली याने १७१५ च्या ग्रहणाआधी इंग्लंडवरील पट्ट्याचा नकाशा छापला. वेळ अवघी चारेक मिनिटे चुकली. पुढे जर्मन खगोलज्ञ बेसेलने १८२४ मध्ये नवी रीत दिली : सावलीच्या अक्षाला लंब असे एक प्रतल पृथ्वीच्या केंद्रातून कल्पायचे आणि त्यावर सावलीची जागा व त्रिज्या मोजायची. हीच रीत अजून चालते. आता चंद्राच्या कडेवरचे डोंगर आणि दऱ्याही हिशेबात धरतात, कारण पट्ट्याच्या काठावर खग्रास दिसणार की नाही ते त्यांच्यावर ठरते.

खरी अडचण आकाशात नाही, पायाखाली आहे. भरती-ओहोटीमुळे पृथ्वीचे परिवलन मंदावते, तेही एकसारखे नाही. इ. स. पू. १३६ मध्ये बॅबिलोनला दिसलेल्या खग्रास ग्रहणाचे गणित परिवलनाचा आजचा वेग कायम धरून केले, तर पट्टा सुमारे ४९ अंश पश्चिमेला पडतो. अशा जुन्या नोंदींवरूनच हा फरक मोजता आला. भविष्याकडे पाहताना तसा साक्षीदार नसतो. १६ जुलै २१८६ च्या ग्रहणाचा ७ मिनिटे २९ सेकंदांचा अवधी आजच काढून ठेवलेला आहे. पण तोवर पृथ्वीचे घड्याळ अंदाजापेक्षा जितके सेकंद मागे पडेल, तितक्या वेळा विषुववृत्तावर सुमारे ४६० मीटर, या हिशेबाने त्याचा पट्टा पूर्वेकडे सरकेल.