भगर, हळद, मिठाईचा संशय आला तर तक्रार आणि तपासणी कशी करायची

नवरात्र आलं की भगर खाऊन चक्कर, उलट्या झाल्याच्या बातम्या मराठवाड्यात येतातच. गेल्या वर्षी आमच्या गल्लीत दोन घरांत तसंच झालं. भगर सुटी आणलेली, पोत्यातली, रद्दीच्या पुडीत बांधलेली, बिल नाही. दवाखान्यातून आल्यावर उरलेली भगर उकिरड्यावर गेली. म्हणजे पुरावाच गेला. कृपा करून असं करू नका.

कायदा देशभर एकच आहे: अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६. त्याच्या कलम ३० खाली राज्याचे अन्न सुरक्षा आयुक्त घातक पदार्थावर एक वर्षापर्यंत बंदी घालू शकतात. महाराष्ट्रातली गुटखाबंदी २०१२ पासून याच कलमाखाली, मुदत संपली की नवा आदेश काढून, चालू आहे. हळदीतला मेटॅनिल यलो आणि मिठाईतला रोडामाइन बी हे रंग, पावातलं पोटॅशियम ब्रोमेट, फळं पिकवायचं कार्बाइड यांना तर देशात कुठेच परवानगी नाही.

तक्रार कुणीही करू शकतं. जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात सहायक आयुक्त (अन्न) यांच्या नावे साधा लेखी अर्ज द्या. दुकानाचं नाव-पत्ता, खरेदीची तारीख, काय त्रास झाला ते लिहा. बिल, पाकिटाचा फोटो (बॅच नंबर आणि १४ अंकी परवाना क्रमांक दिसेल असा) आणि दवाखान्याचे कागद असतील तर त्यांच्या झेरॉक्स जोडा. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय परत येऊ नका. फोनवर सांगायचं तर टोल फ्री १८००२२२३६५.

दुसरा हक्क फार कमी लोकांना माहीत आहे. कलम ४० प्रमाणे ग्राहक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून पदार्थ तपासून घेऊ शकतो. अट एकच, पण तिथेच बहुतेक जण चुकतात: "हा माल मी तपासायला देणार आहे" हे दुकानदाराला खरेदी करतानाच सांगावं लागतं. घरी आणून मग संशय आला, तर या कलमाचा उपयोग नाही, तेव्हा वरची लेखी तक्रारच करायची. सांगताना संकोच वाटतो, ओळखीचं दुकान असतं. तरी सांगा, आणि सोबत कुणाला तरी न्या. फी किती आणि नमुना कुठे द्यायचा, हे त्याच कार्यालयात आधी विचारून घ्या.

अहवालात माल नियमाबाहेरचा निघाला तर भरलेली फी परत मिळते, आणि विश्लेषक तो अहवाल पुढच्या कारवाईसाठी पदावधित अधिकाऱ्याकडे (या कायद्याखाली कारवाईसाठी नेमलेला अधिकारी) पाठवतो.