एच-निर्देशांक

एच-निर्देशांक : संशोधकाचे शोधनिबंध किती आणि इतरांनी त्यांचा हवाला किती वेळा दिला, या दोहोंचा मेळ घालणारा अंक. निबंध उद्धरणांच्या (सायटेशन) उतरत्या क्रमाने लावायचे. ज्या क्रमांकापर्यंत उद्धरणे क्रमांकाइतकी किंवा अधिक भरतात, तो निर्देशांक. सात निबंधांना 40, 22, 9, 6, 5, 3, 1 उद्धरणे असतील तर पाचव्याला 5 आहेत, सहाव्याला 3च. म्हणून अंक 5. पहिल्या निबंधाची 40 ची 400 झाली तरी अंक हलत नाही. हा दोष मानणाऱ्या लिओ एग्गे यांनी 2006 मध्ये जी-निर्देशांक मांडला.

जनकत्वाचे श्रेय सामान्यतः सॅन दिएगोचे भौतिकशास्त्रज्ञ होर्हे हिर्श (2005) यांना देतात. मात्र सूत्र त्याआधीचे आहे. खगोलशास्त्रज्ञ आर्थर एडिंग्टन (मृत्यू 1944) आपली सायकलस्वारी याच रीतीने मोजत : ‘न’ दिवशी प्रत्येकी किमान ‘न’ मैल. काही जण याहून मागे, ग्रंथालयासाठी जर्नले निवडताना संदर्भ मोजणाऱ्या ग्रॉस व ग्रॉस यांच्या 1927 च्या लेखापर्यंत जातात. पण तेथे मोजणी नियतकालिकांची होती, व्यक्तीची नव्हे. युजीन गारफील्ड यांनी 1955 मध्ये सुचवलेली उद्धरणसूची (कोणत्या निबंधाचा हवाला कोणी दिला याची नोंद) नसती तर सूत्र कागदावरच राहिले असते. सूत्र एडिंग्टन यांचे, ते संशोधकाला लावणे हिर्श यांचे, अशी वाटणी अधिक ग्राह्य दिसते.

बेळगाव सीमाभागात अंक चुकतो तो बहुधा नावापाशी. शहराचे अधिकृत इंग्रजी नाव 1 नोव्हेंबर 2014 पासून ‘बेलगाम’चे ‘बेळगावी’ झाले. त्याआधीचे व नंतरचे निबंध दोन पत्त्यांवर गेले, की सूची एकाच माणसाची दोन खाती उघडू शकते. 25 निबंधांचे 12 आणि 13 असे तुकडे पडले तर कोणत्याही खात्याचा अंक 13 च्या वर जाऊच शकत नाही. (नावावरून येथे वाद पुष्कळ, हा त्यातला सर्वांत मुका.) आडनावाच्या रोमन लिप्यंतराने भर पडते : नाईक आणि नायक एकच, पण सूचीला दोन. उलट ‘एस. एम. पाटील’ या एका खात्यात तिघांचे निबंध शिरले की अंक फुगतो. इलाज म्हणजे संशोधकाची ओळख पटवणारा, 2012 पासून मिळणारा सोळा स्थानांचा ऑर्किड (ORCID) क्रमांक. त्याचे शेवटचे स्थान तपासणीचे असते आणि तेथे ‘एक्स’ही येऊ शकतो, अर्जात तो गाळला की क्रमांक नाकारला जातो. खाती जोडण्याची विनंती सूचीकडे वेगळी करावी लागते.

गूगल स्कॉलर ही सूची प्रबंध व परिषदांतील लेखही धरते, म्हणून तिचा अंक स्कोपस या दुसऱ्या सूचीपेक्षा सहसा मोठा असतो. अंकाशेजारी सूचीचे नाव व तारीख लिहावी.

सहलेखकांची संख्या निर्देशांकाला दिसत नाही. प्रसूतीच्या वेळी अझिथ्रोमायसिन या प्रतिजैविकाची 2 ग्रॅमची एकच मात्रा देण्याची चाचणी बेळगाव व नागपूरसह सात देशांत झाली (2023 मध्ये प्रकाशित, 29,278 स्त्रिया). मातेचा जंतुदोष (सेप्सिस) किंवा मृत्यू 2.4 टक्क्यांवरून 1.6 टक्क्यांवर आला. नवजातांत फरक पडला नाही. या निबंधाचे उद्धरण पहिल्या लेखकाच्या व मधल्या लेखकाच्या खात्यात सारखेच जमा होते.

क्यासनूर वनज्वराची (माकडताप) गोष्ट उलटी. 1957 मध्ये शिमोगा जिल्ह्यात पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने ओळखलेला हा रोग पुढे गोव्यातील सत्तरी व सिंधुदुर्गातील दोडामार्गपर्यंत पोचला. काजूच्या हंगामात गोव्यात गेलेल्या बेळगावकडच्या मजुरांतही तो आढळला. रोगाचे क्षेत्र लहान, त्यावर लिहिणारे थोडे, म्हणून हवाले देणारेही थोडेच. शिवाय स्कोपसमधील संदर्भयाद्या प्रामुख्याने 1970 पासूनच्या, त्यामुळे पहिल्या दशकातल्या निबंधांना त्याच काळात मिळालेले हवाले मोजणीत फारसे येत नाहीत.