उथळ पाण्यात जहाजाच्या आवाजाची मोजणी आणि नोटेशन: पात्रता, कागदपत्रे, प्रक्रिया

जहाजांच्या पाण्याखालच्या आवाजाबद्दल आयएमओने (आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने) २०२३ मध्ये सुधारित मार्गदर्शक तत्त्वे काढली. ती ऐच्छिक आहेत. तरीही मालक कमी आवाजाचे नोटेशन, म्हणजे जहाज वर्गीकरण संस्थेने (‘क्लास’ने) प्रमाणपत्रात केलेली तशी नोंद, घेतात. संशोधन जहाजांना शांतता कामासाठीच लागते. मालवाहू जहाजांना शुल्कात सूट खुणावते. व्हँकुव्हर बंदर २०१७ पासून कमी आवाजाच्या जहाजांना अशी सवलत देते आणि त्यासाठी क्लासचे नोटेशन ग्राह्य धरते.

अर्ज मालकाने किंवा शिपयार्डने जहाजाच्या क्लासकडे करायचा. नवे जहाज असेल तर सागरी चाचण्यांतच मोजणी उरकावी, क्लासचा सर्व्हेअर (तपासनीस) तेव्हा जहाजावर असतोच.

खरी अडचण जागेची. आयएसओ १७२०८-१ या खोल पाण्याच्या मानकाला किमान १५० मीटर किंवा जहाजाच्या लांबीच्या दीडपट, यांतली जास्त असेल तेवढी खोली लागते. २०० मीटरच्या जहाजाला ३०० मीटर. एवढी खोली अनेक किनाऱ्यांजवळ नसतेच. म्हणून डीएनव्ही, ब्युरो व्हेरिटास अशा क्लास संस्थांच्या नियमांत कमी खोलीचीही सोय आहे. मान्य खोली आणि अंतर मात्र प्रत्येकीचे निराळे, तेव्हा जागा ठरवण्याआधी आपल्या क्लासचे नियम वाचा.

उथळ पाण्यात आवाज तळ आणि पृष्ठभाग यांच्यात आपटत हायड्रोफोनपर्यंत (पाण्यातल्या मायक्रोफोनपर्यंत) येतो. वाळूचा तळ बराच आवाज परतवतो, मऊ चिखल गिळतो. शिवाय ठरावीक वारंवारतेखालचा आवाज लांब जातच नाही: २० मीटर पाणी आणि वाळूचा तळ असेल, तर ही मर्यादा साधारण ४० हर्ट्झ. मिनिटाला १२० फेरे घेणाऱ्या चार पात्यांच्या प्रोपेलरचा मूळ ठोका ८ हर्ट्झचा, म्हणजे या मर्यादेच्या कितीतरी खाली. तळाची माहिती नसेल तर अंतराची दुरुस्ती (हायड्रोफोनपाशी मिळालेला आकडा जहाजापासून १ मीटरवर आणणे) अंदाजपंचे होते.

म्हणून मोजणी आराखड्यात खोली, तळाचा प्रकार आणि पाण्यातील ध्वनिवेगाचा आलेख हवाच. सागरी नकाशावर तळाची खूण असते (‘एस’ म्हणजे वाळू, ‘एम’ म्हणजे चिखल), पण जमल्यास नमुना काढावा. सोबत प्रोपेलर व यंत्रांचा तपशील, ड्राफ्ट (जहाज पाण्यात किती बुडाले आहे) आणि भार, हायड्रोफोनचे कॅलिब्रेशन प्रमाणपत्र, आणि पाण्यात उपकरण टाकण्याची बंदर प्रशासनाची परवानगी. ही परवानगी आधी मागा; प्रोपेलर, यंत्रे, ड्राफ्ट आणि भार यांचे कागद जहाजावरच सापडतात.

मोजणीच्या दिवशी जहाज ठरल्या वेगाने हायड्रोफोनजवळून जाते, डावी व उजवी बाजू वेगवेगळी नोंदली जाते. मदतनीस बोटीचे इंजिन बंद ठेवा. पार्श्वभूमीचा आवाजही नोंदवा: आयएसओनुसार जहाज त्याहून १० डेसिबलने वर असेल तर दुरुस्ती नको, ३ ते १० मध्ये दुरुस्ती, ३ पेक्षा कमी असेल तर त्या वारंवारता-पट्ट्यातले वाचन बाद.

अहवालात नुसते ‘१७० डेसिबल’ लिहिणे निरर्थक. पाण्यात संदर्भ दाब १ मायक्रोपास्कल, हवेत २०. एवढ्यानेच २६ डेसिबलचा फरक पडतो. आकडा हायड्रोफोनपाशी मिळालेला की १ मीटरवर आणलेला, आणि दुरुस्ती कोणत्या सूत्राने केली, हेही लिहा. क्लास हे आकडे एक-तृतीयांश ऑक्टेव्हच्या (वारंवारतेच्या अरुंद) पट्ट्यांत आपल्या मर्यादारेषेशी ताडून पाहतो. पुढे प्रोपेलर किंवा मुख्य इंजिन बदलले तर क्लासला कळवावे, फेरमोजणी लागू शकते.