फोर्ड्‌स थिएटर

अमेरिकेची राजधानी वॉशिंग्टन येथील टेन्थ स्ट्रीटवरचे ऐतिहासिक नाट्यगृह. १४ एप्रिल १८६५ रोजी, गुड फ्रायडेच्या रात्री, राष्ट्राध्यक्ष अब्राहम लिंकन यांच्यावर येथे गोळी झाडण्यात आली. वर प्रेक्षागृह आणि तळघरात संग्रहालय अशी या इमारतीची आजची रचना असून राष्ट्रीय उद्यान सेवा आणि फोर्ड्‌स थिएटर सोसायटी ही ना-नफा संस्था मिळून ती चालवतात.

ही जागा मुळात १८३३ मध्ये बांधलेल्या बॅप्टिस्ट चर्चची. नाट्यव्यावसायिक जॉन टी. फोर्ड यांनी १८६१ मध्ये ती घेऊन तिचे नाटकगृह केले. पुढच्याच वर्षी ते जळाले. ऑगस्ट १८६३ मध्ये नवी विटांची इमारत उभी राहिली. लिंकन नाटकांचे शौकीन होते. नोव्हेंबर १८६३ मध्ये त्यांनी याच रंगमंचावर जॉन विल्क्स बूथचे काम पाहिले होते.

हाच बूथ पुढे मारेकरी ठरला, आणि त्याचा कट एखाद्या नटालाच सुचावा असा होता. त्याची टपाले फोर्ड यांच्या पत्त्यावर येत. ती घ्यायला तो दुपारी आला तेव्हा राष्ट्राध्यक्ष येणार असल्याचे त्याला कळले. त्या रात्रीचे ‘अवर अमेरिकन कझिन’ हे विनोदी नाटक त्याच्या परिचयाचे होते. रंगमंचावर हॅरी हॉक हा एकटाच नट असताना एका वाक्याला हमखास मोठा हशा येतो, हे हेरून त्याने नेमक्या त्या क्षणी चाप ओढला. मग लिंकन बसले होते त्या बॉक्समधून, म्हणजे रंगमंचालगतच्या वरच्या स्वतंत्र कक्षातून, त्याने थेट रंगमंचावर उडी मारली आणि हाही नाटकाचाच भाग असावा, असे अनेकांना वाटले. लिंकन यांना समोरच्या पीटरसन यांच्या घरात नेण्यात आले. दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजून २२ मिनिटांनी त्यांचे निधन झाले.

फोर्ड यांनी प्रयोग पुन्हा सुरू करण्याचा घाट घातला, पण लोकक्षोभापुढे तो फसला. सरकारने इमारत ताब्यात घेऊन आतले सगळे उखडून काढले आणि तीन मजल्यांची कचेरी केली. सैन्याचे वैद्यकीय संग्रहालयही काही वर्षे येथेच होते. ९ जून १८९३ रोजी तळघरात खोदकाम चालू असताना मजले कोसळून २२ कर्मचारी ठार झाले. योगायोग असा की, मारेकऱ्याचा थोरला भाऊ, नामवंत नट एडविन बूथ, याची अंत्ययात्रा न्यूयॉर्कमध्ये त्याच दिवशी निघाली होती.

१९३२ मध्ये येथे लिंकन संग्रहालय उघडले, पण नाटक परतायला १९६८ उजाडावे लागले. हत्येनंतर घेतलेल्या छायाचित्रांच्या आधारे प्रेक्षागृह नव्याने बांधले गेले. म्हणजे पाहुण्यांना दिसणारे १८६५ चे प्रेक्षागृह वस्तुतः विसाव्या शतकातले आहे. त्या बॉक्समधला सोफा आणि दर्शनी भागावरची जॉर्ज वॉशिंग्टन यांची तसबीर मात्र अस्सल. लिंकन बसले होते ती झुलती खुर्ची येथे नाहीच. ती मिशिगनमधील डिअरबॉर्नच्या हेन्री फोर्ड संग्रहालयात आहे. बूथचे पिस्तूल आणि त्याची रोजनिशी तळघरात पाहायला मिळते. अस्सल काय आणि नक्कल काय हे पारखण्याचा इतका चांगला धडा पाठ्यपुस्तकात क्वचितच सापडेल. बॉक्स आजही कोणाला बसायला देत नाहीत.

सोसायटीच्या नियमित नाटकांखेरीज ‘वन डेस्टिनी’ हे छोटेखानी नाटक मुद्दाम पर्यटक व शाळकरी मुलांसाठी लिहून घेतले आहे. त्यात हॅरी हॉक आणि मालकांचा भाऊ हॅरी फोर्ड ती रात्र पुन्हा आठवतात. आपल्याला हे टाळता आले असते का, हा त्यांना छळणारा प्रश्न. मार्गदर्शकाने सांगितलेल्या तारखांपेक्षा हा प्रश्न मुलांच्या अधिक लक्षात राहत असणार. लिंकन यांच्या भाषणांच्या आधारे विद्यार्थ्यांना वक्तृत्व शिकवण्याचा आणि शिक्षकांना प्राथमिक साधने (त्या काळातली मूळ कागदपत्रे) वर्गात कशी वापरावीत हे दाखवण्याचाही कार्यक्रम चालतो.

२०१२ मध्ये रस्त्यापलीकडे शिक्षण व नेतृत्व केंद्र सुरू झाले. तेथे लिंकन यांच्यावरील पुस्तकांच्या प्रतिकृतींचा ३४ फूट उंच मनोरा आहे. ‘रिमेंबरिंग लिंकन’ या डिजिटल संग्रहात हत्येची बातमी ऐकून सामान्य माणसांनी लिहिलेली पत्रे, रोजनिश्या आणि चर्चमधली प्रवचने एकत्र केली आहेत. यादवी युद्ध नुकते संपत आलेल्या त्या देशात लोकांच्या प्रतिक्रिया एकसारख्या नव्हत्या, हे त्यांतून वाचकाला स्वतःच ताडून पाहता येते.